अनाथ टीमसाठी प्रोफेसरचा सल्ला

२७ एप्रिल, रविवार

ड्राफ्टला सत्तावीस दिवस. आजपासून रोजनिशी. एवढ्या तयारीची कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.

संकल्प: रोज साडेपाचला उठून कॉलेजच्या पोरांचे दोन जुने सामने बघायचे. हातात बिअर असताना ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करायची नाही. ब्रॅट, म्हणजे आमच्याकडचे जाडजूड सॉसेज, आठवड्यातून एकदाच. लीगमधल्या ड्वेनचा फोन उचलायचा नाही.

(आज उठलो सव्वासातला. पण रविवार धरत नाहीत.)

परिस्थिती अशी. आमची लीग अमेरिकन फुटबॉलची, अकरा वर्षं जुनी. बारा मालक, बारा टीम्स. टीम्स कागदावरच्या, खेळाडू खरे. ते रविवारी टीव्हीवर जसे खेळतील तसे गुण आमच्या खात्यात. बाकीच्यांच्या लीगमध्ये दरवर्षी पाटी कोरी होते. आमची डायनेस्टी. एकदा घेतलेला खेळाडू त्याचे गुडघे संपेपर्यंत आपला. म्हणून मे महिन्यातला ड्राफ्ट महत्त्वाचा. कॉलेजातून आलेली ताजी पोरं त्या एकाच दिवशी वाटली जातात, आणि शेवट आलेल्या टीमला पहिली निवड मिळते. यंदा पहिली निवड माझी.

मागच्या वर्षीही माझीच होती. त्याच्या आदल्या वर्षीही.

लागोपाठ तीनदा शेवट आलं की नियम नऊ लागतो. ड्राफ्टच्या दिवशी त्या मालकाने कर्टच्या गॅरेजमध्ये उभं राहून पुढच्या तीन वर्षांचा आराखडा वाचून दाखवायचा. मग उरलेले अकरा जण कर्टच्या वडिलांच्या नारिंगी शिकारटोपीत चिठ्ठ्या टाकणार. ‘ठेवा’ किंवा ‘काढा’. हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच सुचवला होता, ड्वेनला डोळ्यांसमोर ठेवून.

कर्ट आमच्या लीगचा कमिशनर आणि माझ्या बायकोचा, लोर्नाचा, थोरला भाऊ. घरचाच माणूस. काळजीचं कारण नाही.

तरी सकाळपासून पोटात गोळा आहे. कालचं चीज बाधलं असणार.

३० एप्रिल, बुधवार

दुकानात मिसेस हेसेलिंक आल्या, चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून. त्यांचा नातू कोल्बी यंदा कॉलेजातून वर आला. टाइट एंड. म्हणजे अर्धा वेळ अंगाने अडवायचं, अर्धा वेळ बॉल झेलायचा. खऱ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत कुणीतरी घेतला त्याला, म्हणजे जगाला अजून पत्ता नाही. मी आडून आडून चौकशी केली. आजी म्हणाल्या, पोरगं लहानपणापासून जेवायला चांगलं आणि आईला कधी उलटून बोललं नाही.

ही माहिती बाकीच्या अकरा जणांकडे नाही. दांडी फुकट आवळून दिली.

माझ्याकडे आधीच चार टाइट एंड आहेत. पण त्यांच्या आज्या मला कुठे माहीत आहेत?

३ मे, शनिवार

लीगच्या ग्रुपवर नऊ दिवस एकही मेसेज नाही. एरवी फोन दिवसातून चाळीस वेळा वाजतो. आज वॉलाय माशांचा हंगाम सुरू झाला, सगळे तळ्यावर असणार. आधीचे आठ दिवस गळ आणि दोऱ्या आवरत असतील.

‘कसे आहात सगळे?’ असं टाकलं. अकरा जणांनी वाचलं. उत्तर नाही. तळ्यावर रेंज नसते. (वाचायला पुरते, लिहायला पुरत नाही.)

लोर्नाला विचारलं, कर्ट काही बोलला का? ती म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, असंच. ती म्हणाली, असंच काही नाही बोलला. आणि धुतलेले टॉवेल पुन्हा घड्या घालायला घेतले.

साडेपाचला उठण्याचा संकल्प आता सोमवारपासून.

५ मे, सोमवार

आज हसून हसून पोट दुखलं. बऱ्याच दिवसांनी.

डायनेस्टीवाल्यांचा एक फोरम आहे, तिथे जाहिरात आली: ‘टीम अनाथ होण्याच्या बेतात, दत्तक घेणारा हवा.’ मालक निघून गेला की टीमला अनाथच म्हणतात. टाकणाऱ्याचं नाव ‘गॅरेजबॉस’. मिडवेस्टमधली कुठलीशी जुनी लीग. खेळाडूंची नावं दिलेली नाहीत, नुसती वयं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, छत्तीस वर्षांचा. रनिंग बॅक, म्हणजे बॉल पोटाशी धरून पळणारे, तिघे: एकोणतीस, तीस, एकतीस. त्या धंद्यात सत्ताविसाव्या वर्षी माणूस म्हातारा होतो! टाइट एंड चार. पुढच्या वर्षीच्या चांगल्या निवडी आधीच विकून मोकळा. हातात एकच गोष्ट, यंदाची पहिली निवड.

कोण असेल हा महाभाग? आयोवाचा असणार. आयोवात असली माणसं असतात.

योगायोगाने माझा क्वार्टरबॅकही छत्तिशीचा आहे, पण तो दिसत नाही तेवढा. आणि माझे चार टाइट एंड विचारपूर्वक घेतलेले आहेत.

बिचाऱ्याची कीव आली. फार बरं वाटलं.

८ मे, गुरुवार

फोरमवर खातं उघडलं. नाव घेतलं ‘प्रोफेसर’. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बसून त्या अनाथ टीमवर सविस्तर लिहिलं. तिशीचे तिन्ही पळणारे मिळेल त्या भावात आजच फुंकून टाका. चार टाइट एंडपैकी तीन सोडून द्या. पहिल्या निवडीला डोळे मिटून मार्कस टॉलिव्हर हा एकवीस वर्षांचा झेलणारा घ्या, दहा वर्षं बघायला नको. गावातलं पोर, ओळखीचं पोर, असल्या मोहात पडू नका. या मालकाने पाचवा टाइट एंड घेतला तर त्याला डॉक्टरकडे न्या.

संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, प्रोफेसर, तुमची लीग कुठली हो, तिथे तुम्ही दरवर्षी जिंकत असाल. मी उत्तर दिलं नाही. मोठेपणा मिरवू नये.

जाता जाता: ड्वेनचा फोन आला. उचलला, कारण न उचलणं असभ्य दिसतं. माझी दुसऱ्या फेरीची निवड त्याला दिली आणि त्याचा एकतीस वर्षांचा रनिंग बॅक घेतला. टीमला अनुभव लागतो. बिअर एकच होती, ती धरत नाही. ड्वेन फोन ठेवताना हसत होता, स्वभावाने आनंदी आहे.

११ मे, रविवार

मदर्स डे. जेवण कर्टकडे. कर्टने मला मिठी मारली. आमच्याकडे मिठी मयताला मारतात.

जेवताना ड्राफ्टचा विषय मी तीनदा काढला. कर्टने तीनदा बटाट्याचं सॅलड पुढे केलं. शेवटी म्हटलं, कर्ट, माझा आराखडा जबरदस्त होतोय. तो ताटाकडे बघत म्हणाला, ‘छान, छान. वेंडेल, तुला बागकाम आवडतं का रे?’

बागकाम.

मला भीती वाटते. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या खोडता येईल.

१४ मे, बुधवार. दुपारी १.४०

गॅरेजबॉसने खाजगीत लिहिलं! प्रोफेसरचा सल्ला हवाय. तो लिहितो, आमचा हा मालक जुना मित्र आहे, मन मोठं आहे, पण तीन वर्षं शेवट येतोय. मतदान व्हायचंय. आम्ही मैत्रीकडे बघावं की लीगकडे? तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?

हा खरा प्रश्न. यासाठी छातीचा माणूस लागतो. मी लिहिलं: ‘भावनेला थारा देऊ नका. काढा. दोन दिवस तोंड पाडून बसेल, मग मासे मारायला लागेल. असा माणूस स्वतःहून कधी जात नाही आणि स्वतःचं चुकतंय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या भल्यासाठी काढा.’

पाठवलं आणि एकदम हलकं वाटलं. माझ्यात कमिशनर होण्याचे गुण आहेत.

१६ मे, शुक्रवार

गॅरेजबॉसचं दुसरं पत्र. जसंच्या तसं उतरवून घेतो.

‘प्रोफेसर, तुमचे आभार कसे मानू. सहा जण अजून ठेवा म्हणत होते. आम्ही त्याला वगळून वेगळा ग्रुप केलाय, त्यावर तुमचं उत्तर वाचून दाखवलं. आता दोघेच उरलेत. ही टीम तुम्हीच घ्या अशी सगळ्यांची इच्छा आहे. लीग शिबॉयगनची, ड्राफ्ट चोवीस तारखेला दुपारी एकला माझ्या गॅरेजमध्ये. दूर असाल तर फोनवरून चालेल. तो माणूस लाख मोलाचा आहे हो. माझ्याच बहिणीचा नवरा. चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना विचारतो, हे स्पष्ट दिसतंय की ते? पण त्याला स्वतःला काही म्हणजे काही दिसत नाही. तुमचा, कर्ट झॅस्ट्रो.’

आमच्या शिबॉयगनमध्ये दुसरंही चष्म्याचं दुकान आहे. पण त्या माणसाचं लग्न झालेलं नाही.

शुक्रवारचा फिश फ्राय. माशाला हात लावला नाही. लोर्नाने कपाळाला हात लावून ताप बघितला.

१७ मे, शनिवार

नऊ जण. नऊ जण माझ्या विरुद्ध, आणि त्यातले चार मी स्वतः बसून वळवले.

१९ मे, सोमवार

प्रोफेसरने कर्टला पत्र लिहिलं. फेरविचार केला आहे. अनुभवी मालकाचं मोल आकड्यात होत नाही. त्या गृहस्थांना आणखी एक वर्ष द्यावं. अशा माणसांमुळेच लीगला शोभा असते.

अर्ध्या तासात कर्टचं उत्तर: ‘प्रोफेसर, तुम्ही फार दयाळू आहात. पण तुम्ही त्याला ओळखत नाही. अकराच दिवसांपूर्वी त्याने दुसऱ्या फेरीची निवड देऊन एकतीस वर्षांचा पळणारा घेतला.’

मी लिहिलं, त्यामागे काही विचार असेल. कर्टने नुसता हसण्याचा चेहरा पाठवला. अकरा वर्षांत मला त्याने हसण्याचा चेहरा पाठवलेला नाही.

२० मे, मंगळवार

लोर्नाला सरळ विचारलं. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, ‘कर्टने मला विचारलं होतं. मी म्हटलं, मत तुमचं तुम्ही द्या. पण सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी हा घरात बसून काय करणार, तेही तुम्हीच सांगा.’

मी म्हटलं, बागकाम. ती म्हणाली, जानेवारीत?

मग मीच हिशेबाला बसलो. मुलगी मिनियापोलिसला, ती थँक्सगिव्हिंगला येते. दुकानात माणसं येतात, डोळे तपासून घेतात आणि जातात. उरले हे अकरा. ड्वेनसुद्धा. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात रोज येऊन वाईट ट्रेड सुचवणारा ड्वेनच होता. ही माणसं गेली तर फोन वाजायचं कारणच उरत नाही. माझी छाती धडधडते आहे, आणि या वेळी चीज खाल्लेलं नाही.

२३ मे, शुक्रवार. दुपारी ४

आराखडे दोन झाले. एक माझा: अनुभव, धीर, कोल्बी हेसेलिंक. दुसरा प्रोफेसरचा, फोरमवरून छापून काढलेला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि लोर्नाला म्हटलं, कुठला स्पष्ट वाटतो, हा की हा? तिने चष्माही लावला नाही. प्रोफेसरच्या कागदावर बोट ठेवून स्वयंपाकघरात गेली.

तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

दोन्ही नेतो.

२४ मे, शनिवार. संध्याकाळी ७

पोचलो सव्वाबाराला, सगळ्यांच्या आधी. ब्रॅट बिअरमध्ये उकळत होते. कर्टने बसायला खुर्ची दिली आणि ती दाराजवळ ठेवली. एक वाजता दहा जण आले आणि सगळ्यांना एकदम चपलांच्या पट्ट्या घट्ट करायची आठवण झाली. कुणी वर बघेना.

उभा राहिलो. माझा आराखडा काढला. पहिला शब्द ‘अनुभव’. त्याच्यापुढे वाचवेना. तो कागद खिशात गेला आणि दुसरा कधी बाहेर आला, कळलं नाही. वाचत सुटलो. पळणारे फुंका, टाइट एंड सोडा, टॉलिव्हर घ्या. मान वर केली तेव्हा अकराही जण माझ्याकडे बघत होते.

कर्ट हळूच म्हणाला, ‘वेंडेल, हे प्रोफेसरचं आहे. शब्द न शब्द.’

ड्वेन म्हणाला, ‘चोरायला तरी चांगलं चोरलंस.’

मी म्हटलं, प्रोफेसर मीच आहे.

असे हसले, असे हसले की एकाच्या नाकातून बिअर आली. मला तिथेच थांबता आलं असतं. फोन दाखवला तर ते ‘काढा’वालं पत्रही दिसणार होतं, आणि कर्टने मला काय काय लिहिलं तेही. पण कुणीच खरं मानेना तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी फोन काढून कर्टच्या हातात दिला.

कर्ट वाचत गेला तसा लाल होत गेला. म्हणाला, ‘म्हणजे ते बागकामाचं...’ मी म्हटलं, ते तू मला तोंडावरच विचारलं होतंस. तो म्हणाला, हो का. ड्वेनने फोन हिसकून मोठ्याने वाचलं: असा माणूस स्वतःहून कधी जात नाही आणि स्वतःचं चुकतंय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ड्वेन हसायला लागला आणि मध्येच थांबला.

मग टोपी फिरली. कर्टने एकेक चिठ्ठी उलगडून वाचली. काढा. काढा. ठेवा. काढा. अकरापैकी आठ काढा.

ड्वेन म्हणाला, ‘मनाला लावून घेऊ नकोस मित्रा. प्रोफेसरने सांगितलंय काढा, आणि प्रोफेसर आजवर चुकलेला नाही.’

प्लेट हातात घेऊन उभा होतो. ब्रॅट गार झालेला. दारापर्यंत चार पावलं होती आणि ती टाकायची कशी हे मला आठवेना. खरं सांगतो, इतकी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. घरी जाऊन लोर्नाला काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

कर्ट घसा खाकरून म्हणाला, पुढचा विषय. एक टीम अनाथ झाली आहे. दत्तक घ्यायला प्रोफेसर नावाचे गृहस्थ तयार आहेत असं कळतं. कुणाची हरकत?

अकरा हात वर गेले. हरकत म्हणून नाही, हो म्हणून. ड्वेनने दोन्ही हात वर केले.

कर्टने फळ्यावरचं ‘वेंडेल ब्रान्ट’ पुसलं आणि ‘प्रोफेसर’ लिहिलं. अकरा वर्षांचं नाव, एका फडक्यात गेलं. अट एकच, वेंडेलने या टीममध्ये लुडबुड करायची नाही. मी हो हो म्हणत सुटलो. नाव कुणाला हवंय? कर्टने खुर्ची दारापासून उचलून ग्रिलजवळ आणून ठेवली. मी बसलो आणि डोळे पुसले. कांदा फार कापला होता.

पहिली निवड: मार्कस टॉलिव्हर. टाळ्या पडल्या. अकरा वर्षांत माझ्या निवडीला टाळ्या पडल्या नव्हत्या. हेसेलिंक चौथ्या फेरीत दुसऱ्याने नेला. मी हू का चू केलं नाही. गार ब्रॅट खाल्ले, तीन.

२५ मे, रविवार

ग्रुपवर एकशे बारा मेसेज! सगळे प्रोफेसरला विचारतायत, हा घेऊ का, तो सोडू का. सर्वांना सविस्तर उत्तरं दिली.

आता माझी टीम लीगमधली सर्वांत तरुण. तीन वर्षांत जेतेपद. खरं तर दोन वर्षांतच. भीती साफ गेली. संकल्पांची आता गरज नाही.

२६ मे, सोमवार. सुट्टी

सकाळी परेड बघितली. दुपारी ड्वेनचा फोन. प्रोफेसर, एक विनंती होती, म्हणाला. आवाजात आदर होता.

त्याच्याकडे एक रनिंग बॅक आहे, बत्तीस वर्षांचा. गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालंय, डॉक्टर खूष आहेत. त्याच्या बदल्यात त्याला टॉलिव्हर हवाय. मी म्हटलं, छे. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं, पण एवढी पोरं पोरं घेतलीत, त्यांना वळण कोण लावणार? हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता.

दहा मिनिटांनी फोन ठेवला. लोर्ना दारात उभी होती. तिने विचारलं, प्रोफेसरला विचारलंस का?

म्हटलं, विचारलं. तो हो म्हणाला.